विषय नव्हे, प्रश्न मांडा

‘सीमाभागातील मराठी’ हा विषय झाला. संशोधनाचा प्रश्न नव्हे. बिदर जिल्ह्यातील निर्णा येथील विद्यार्थ्याने प्रस्तावात एवढेच लिहिले, तर माहिती कोणाकडून आणि कशी घ्यायची हे ठरत नाही. जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड हे एकच गाव निवडले. तेथील मराठी, कन्नड व उर्दूची वाक्यरचना परस्परांजवळ कशी आली, एवढेच तपासले. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेला तो अभ्यास आजही आधारभूत मानला जातो. निर्णा येथेही प्रश्न असाच नेमका हवा : घरी मराठी आणि शाळेत कन्नड असलेली मुले बाजारात कोणती भाषा निवडतात? प्रश्न ठरला की कुटुंबे, कालावधी व पद्धत ठरवणे सोपे जाते. नाहीतर प्रस्ताव भारदस्त दिसतो, पण परीक्षकांपुढे टिकत नाही.