गाभारा आणि सातबारा

करवीरनिवासिनी अंबाबाईच्या मंदिरात देवता स्त्रीरूप आहे. तरीही त्याच मंदिराच्या गाभाऱ्यात प्रवेश करणाऱ्या स्त्रियांना एप्रिल २०१६ मध्ये धक्काबुक्की सोसावी लागली. वास्तविक महाराष्ट्रात हिंदू प्रार्थनास्थळांच्या प्रवेशाधिकाराचा कायदा १९५६ पासून अस्तित्वात होता. विद्या बाळ यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला त्या कायद्याची आठवण करून दिली, तेव्हा कुठे शासनयंत्रणा हलली.

अशा प्रत्येक प्रसंगी एक प्रश्न हमखास विचारला जातो : स्त्रीवाद्यांना आमचाच धर्म कसा दिसतो? गंमत अशी की, हा प्रश्न सर्वच धर्मांचे अभिमानी विचारतात, आणि तोही जवळजवळ एकाच शब्दांत. महाराष्ट्राचा इतिहास मात्र या आक्षेपाला दुजोरा देत नाही. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून शास्त्रकारांना जाब विचारला. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु बुद्धी गहाण टाकली नाही. इंग्लंडमध्ये त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असा आग्रह धर्माधिकाऱ्यांनी धरला, तेव्हा त्यांनाही रमाबाईंनी तितक्याच निर्भयपणे विरोध केला. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत मोर्चा काढून तोंडी तलाकाविरुद्ध आवाज उठवला. हाजी अली दर्ग्याच्या मजारीपर्यंत जाण्याचा हक्क २०१६ मध्ये मिळवला, तो मुस्लिम स्त्रियांनीच. ख्रिस्ती पत्नीला घटस्फोटासाठी पतीपेक्षा अधिक आरोप सिद्ध करावयास लावणारा १८६९ चा कायदा २००१ मध्ये बदलला, त्यामागेही ख्रिस्ती स्त्रियांचा दीर्घ लढा होता. सारांश, घरचा आहेर प्रत्येक धर्माला मिळाला आहे, आणि तो बहुधा घरातल्याच स्त्रीने दिला आहे.

या टीकेचे मार्ग एकच नव्हेत. कोणी धर्मात राहून भांडले, कोणी धर्मांतर केले, कोणी राज्यसंस्थेकडे कायदा मागितला. गाभाऱ्यात जाऊ पाहणारी स्त्री नास्तिक नसते. तिला दर्शनच हवे असते. म्हणूनच स्त्रीवादाला सरसकट धर्मद्रोह ठरवणे जितके चुकीचे, तितकेच श्रद्धाळू स्त्रीला अडाणी ठरवणेही चुकीचे. ज्या समाजात बाईला हक्काची विश्रांती नाही, तेथे व्रत, वारी आणि जत्रा याच तिच्या मोकळ्या श्वासाच्या जागा होत्या, हे टीकाकारांनी विसरता कामा नये.

तथापि केवळ प्रवेशावर थांबणारी चळवळ अपुरीच राहील. धार्मिक रूढीच्या मागे बहुधा मालमत्तेचा हिशेब दडलेला असतो. केरळमधील सिरियन ख्रिस्ती मुलीला वडिलांच्या मिळकतीत मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळे. मेरी रॉय यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये तो अन्याय दूर केला. शाहबानोचा खटलाही मुळात पोटगीचाच होता. राजर्षी शाहू महाराजांची दृष्टी या बाबतीत अचूक होती. १९१९-२० च्या सुमारास त्यांनी करवीर संस्थानात आंतरजातीय विवाह, घटस्फोट, स्त्रियांचा छळ आणि जोगतिणींचे प्रश्न यांविषयी कायदे केले. केवळ उपदेशावर ते विसंबले नाहीत.

त्याच जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे यांना गावाने नकार दिला, आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्या वाटेने जाण्याचे आवाहन केले. ही घटना निःसंशय अभिमानास्पद आहे. पण कुंकू कायम राहिले तरी सातबाऱ्यावर तिचे नाव लागले काय, हा प्रश्न उरतोच. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क दिला. कायदा झाला, परंतु हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेण्याची रीत काही संपली नाही. वाटा मागितला तर माहेर तुटेल, ही भीती कोणत्याही धर्मग्रंथात लिहिलेली नाही. पण ग्रंथातील आज्ञेपेक्षा तिचा अंमल अधिक कडक आहे. ती भीती हिंदू घरात आहे, तशीच मुस्लिम आणि ख्रिस्ती घरांतही आहे.

धर्मावरील टीका न्याय्य आहे की पक्षपाती, हे ठरवण्याची कसोटी म्हणूनच अगदी साधी आहे. आपल्या धर्मातील दोषाविषयी बोलणारी स्त्री दिसताच शेजारच्या धर्मातील दोष पुढे करावयाचा, की आपल्या घरातील बहिणीचा वाटा तिला द्यावयाचा? पहिला मार्ग फुकटचा आहे. दुसऱ्याला जमीन मोजावी लागते. गाभाऱ्याचा उंबरठा स्त्रियांनी ओलांडला आहे. सातबाऱ्याचा उंबरठा त्यांना ओलांडू देणे हे आता सुशिक्षित म्हणवणाऱ्या भावांच्या हाती आहे.