*मक्यानंतर हरभरा पेरताय? आधी कुंडीत पेरून बघा* 🌱

मका निघाल्यावर त्याच रानात हरभरा, कांदा किंवा गहू घेणार असाल तर आधी आठवा, मक्यात ॲट्राझीन मारलं होतं का? किती? ५०% पावडर एकरी ४०० ते ८०० ग्रॅमच्या पुढं गेली असेल तर हा मेसेज तुमच्यासाठीच.

गेल्या रब्बीत एका सभासदाचा हरभरा चांगला उगवला आणि विसाव्या दिवशी पिवळा पडला. ते म्हणाले बियाणं खराब, मी म्हणालो मर. दोघंही चुकलो. रोप उपटून उभं चिरलं तर मूळ आतून पांढरं. मर असती तर आत काळपट रेघ दिसली असती. आणि पिवळेपणा पट्ट्यांत होता, पंप वळवताना फवारा दोनदा पडला त्याच जागी.

ॲट्राझीन उगवण थांबवत नाही. कोंब बियातल्या साठ्यावर वर येतो. पुढं पानांना उन्हात अन्न तयार करायचं असतं, तेच काम हे औषध बंद पाडतं. म्हणून आधी खालची, जुनी पानं कडेनं पिवळी पडून करपतात. अशा वेळी झिंक-फेरस फवारून उपयोग नाही, पैसे जातात.

औषध जिरवतात जमिनीतले जिवाणू, त्यांना ओल आणि ऊब लागते. पाऊस लवकर उघडला, किंवा आपल्यासारखी चुनखडीची काळी जमीन असली, की ते जास्त दिवस टिकतं.

*कुंडीची चाचणी:* रानात ५-६ ठिकाणची, वळणाच्या जागची धरून, वरची चार बोटं माती घ्या. दुसऱ्या कुंडीत तणनाशक कधीच न पडलेली, तशाच पोताची माती. दोन्हीत हरभऱ्याचे १०-१० दाणे लावा, पाणी सारखं द्या. कुंड्या *उन्हातच* ठेवा, सावलीत फरक नीट कळत नाही. उगवण सारखीच दिसेल, तेवढ्यावर खूश होऊ नका. १५ ते २० दिवस पानं बघा.

रानातल्या मातीतली रोपं पिवळी पडली तर तिथं रब्बी ज्वारी घ्या, ती ॲट्राझीन सहन करते. हरभराच हवा असेल तर रान ओलवून, नांगरून माती खालीवर करा आणि पुन्हा कुंडी लावून बघा. पेरणी थोडी मागं पडेल, पण एकरी २५-३० किलो बी तरी वाचेल.

चाचणी आजच लावा. पंधराव्या दिवशी दोन्ही कुंड्यांचा शेजारी-शेजारी ठेवून फोटो ग्रुपवर टाका, मी बघून सांगतो.