मूकपटामागचा गलका

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या कल्व्हर सिटी या गावी, निर्माते हॅल रोच यांच्या स्टुडिओत, १९२२ पासून ‘अवर गँग’, म्हणजे ‘आपली टोळी’, या नावाने लहान मुलांच्या विनोदी लघुपटांची मालिका तयार होऊ लागली. मुलांकडून पडद्यावर काम कसे करून घ्यावे, या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर चित्रपटाच्या इतिहासात स्वतंत्र अभ्यासाच्या योग्यतेचे आहे. या मालिकेची पहिली सात वर्षे मूकपटाची होती. प्रेक्षकांना त्या चित्रांतून एकही शब्द ऐकू येत नसे, परंतु ती घडत असताना कॅमेऱ्यामागून एक आवाज सतत येत असे, आणि मुलांचा जो सहजपणा पाहून प्रेक्षक हरखून जात तो बऱ्याच अंशी त्या आवाजाच्या आधारावर उभा होता.

ही चित्रे ‘दोन रिळांची’ होती. त्या काळी एक रीळ म्हणजे सुमारे १,००० फूट लांबीची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म असे. एका फुटात १६ चौकटी बसत असल्यामुळे दोन रिळांत सुमारे ३२,००० चौकटी मावत, आणि एवढा ऐवज पडद्यावर साधारण वीस मिनिटे चाले. मुख्य चित्रपटाच्या जोडीला असे लघुपट दाखवण्याची पद्धत होती. इतक्या थोड्या अवकाशात गुंतागुंतीचे कथानक बसत नसल्यामुळे मुलांची एखादी इच्छा, ती पुरी करण्यासाठी त्यांनी जमवलेली खटपट आणि त्या खटपटीतून उडालेला गोंधळ एवढ्यावरच कथेची उभारणी होत असे.

मालिका सुरू झाली त्याच्या आदल्याच वर्षी, १९२१ मध्ये, चार्ली चॅप्लिन यांच्या ‘द किड’मधील जॅकी कूगन या बालकलाकाराने मुलांच्या अभिनयाकडे जगाचे लक्ष वेधले होते, तरीही मोठ्यांसारखी रंगभूषा आणि मोठ्यांसारखे हावभाव करणाऱ्या मुलांचीच चलती अधिक होती. रोच यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, अशाच एका नटवलेल्या मुलीची चाचणी पाहून कंटाळल्यावर त्यांची नजर खिडकीबाहेर गेली, तेव्हा लाकडाच्या वखारीतून आणलेल्या काठ्यांवरून काही मुले हमरीतुमरीवर आलेली दिसली, आणि ते भांडण आपण किती तरी वेळ तल्लीन होऊन पाहत राहिलो या जाणिवेतून मालिकेची कल्पना त्यांना सुचली. हा प्रसंग सांगताना कितीही घोटला गेला असला, तरी त्यातले तत्त्व मालिकेत शेवटपर्यंत दिसते: मुलाने मोठ्याची नक्कल करण्यात जेवढे नाट्य आहे, त्याहून अधिक नाट्य एका काठीसाठी चाललेल्या खऱ्या भांडणात आहे.

हे तत्त्व पडद्यावर आणणे मात्र सोपे ठरले नाही. फ्रेड न्यूमेयर यांनी दिग्दर्शित केलेला पहिला प्रयत्न रोच यांना पसंत पडला नाही, म्हणून ते काम रॉबर्ट मॅकगोवन यांच्याकडे देऊन चित्र नव्याने घेण्यात आले. सप्टेंबर १९२२ मध्ये ‘वन टेरिबल डे’ हा लघुपट प्रदर्शित झाला, आणि तेव्हापासून १९३३ मध्ये थकून बाजूला होईपर्यंत मॅकगोवन हेच या मालिकेचे प्रमुख दिग्दर्शक राहिले.

मॅकगोवन यांच्या कार्यपद्धतीचे मूळ मुलांच्या वयात होते. टोळीतल्या काहींना वाचताही येत नसल्यामुळे त्यांच्या हाती संहिता देण्यात अर्थ नव्हता. प्रसंगांचा ढोबळ आराखडा लेखक तयार करीत, आणि प्रत्येक दृश्य घेण्याच्या अगदी आधी मॅकगोवन ते मुलांना त्यांच्या भाषेत समजावून सांगत, त्यांना सुचलेल्या गोष्टींना वाव देत, आणि कॅमेरा चालू झाल्यावरही सूचना देणे थांबवत नसत. फिल्मवर ध्वनी उमटत नसल्यामुळे ‘आता वळ’, ‘आता दचक’ असे दिग्दर्शकाने मोठ्याने सांगितले तरी चित्राचे काही बिघडत नव्हते. मुलाला पुढचे काही लक्षात ठेवावे लागत नव्हते, आणि त्यामुळेच पाठांतराचा ताण त्याच्या चेहऱ्यावर दिसत नव्हता. उरलेले काम संकलन, म्हणजे चित्रित तुकडे कापून जोडण्याची कला, पार पाडत असे. मुलाच्या चेहऱ्यावर दोन क्षण उमटलेले आश्चर्य फिल्मवर मिळाले, की त्या आश्चर्याचे कारण दाखवणारा तुकडा त्याच्या शेजारी जोडता येई, मग ते कारण मुलाने प्रत्यक्ष पाहिलेले असो वा नसो.

यंत्राच्या आणि रसायनाच्या मर्यादाही विनोदाच्या उपयोगी पडत. तेव्हाचे कॅमेरे बहुधा हाताने हँडल फिरवून चालवले जात. ते सावकाश फिरवले की कमी चौकटी टिपल्या जात, आणि नेहमीच्या गतीने दाखवताना धावपळ अधिक वेगवान भासे. मूकपटांच्या आरंभकाळी सर्वत्र प्रचलित असलेली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म निळ्या प्रकाशाला संवेदनशील आणि लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळी असे. त्यामुळे तांबूस छटा पडद्यावर काळपट उमटत, आणि मिकी डॅनियल्स या मुलाच्या चेहऱ्यावरचे वांगाचे ठिपके, जे एरवी रंगभूषेखाली झाकले गेले असते, या फिल्मवर ठसठशीत उठून त्याची ओळखच बनून गेले.

टोळीचे खरे वैभव तिच्या वस्तूंमध्ये होते. खोकी, फळकुटे, जुनी चाके, दोरखंड आणि पत्र्याचे डबे यांपासून मुलांनी स्वतःच बांधल्यासारखी दिसणारी वाहने व यंत्रे हे या चित्रांचे हमखास आकर्षण होते; ‘द सन डाऊन लिमिटेड’ या १९२४ च्या लघुपटात मुले स्वतःची आगगाडी उभी करतात, तर १९२६ च्या ‘द फोर्थ अलार्म’मध्ये स्वतःचे अग्निशामक दल. चित्रपटात येण्यापूर्वी मॅकगोवन हे डेन्व्हर शहराच्या अग्निशामक दलात नोकरीला होते, हे ध्यानात घेतले की त्या बंबाच्या खेळाला वेगळाच अर्थ येतो. अशी वस्तू बांधणाऱ्या कारागिरांना दुहेरी कसब लागे, कारण ती मुलांचे वजन पेलण्याइतकी मजबूत असावी लागे आणि त्याच वेळी मुलांनीच ठोकून जोडल्याइतकी वेडीवाकडी दिसावी लागे. भिंतींवर आणि पाट्यांवर मुलांच्या हस्ताक्षरातला अशुद्ध मजकूर, उलट्या अक्षरांसकट, लिहिलेला असे. दृश्यांमध्ये येणाऱ्या निवेदनाच्या व संवादाच्या पाट्या एच. एम. वॉकर लिहीत, ते पूर्वी वृत्तपत्रात क्रीडालेखन करीत असत, आणि एका ओळीत प्रसंग उभा करण्याची त्यांची हातोटी तिथली होती.

पडद्यावरचा हा खेळ मुलांसाठी नोकरीही होता. कायद्याने काम करणाऱ्या मुलांचे शिक्षण बंधनकारक असल्यामुळे स्टुडिओतच शाळा चालत असे, फर्न कार्टर या शिक्षिका ती सांभाळीत, आणि चित्रीकरणाचे वेळापत्रक अभ्यासाच्या तासांशी जुळवून घ्यावे लागे. मुलांच्या कमाईला मात्र असे संरक्षण नव्हते. मोठेपणी जॅकी कूगन यांना आपली बालपणची मिळकत पालकांनी खर्चून टाकल्याचे आढळले आणि त्यांनी न्यायालयात धाव घेतली, तेव्हा कुठे १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने बालकलाकारांच्या उत्पन्नाचा काही भाग राखून ठेवण्याचा कायदा केला. मूकपटाच्या काळातील टोळीला त्याचा लाभ मिळणे शक्यच नव्हते.

मालिकेचे सामाजिक मोलही असेच दुपेडी आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या शाळा कायद्याने वेगळ्या असताना अर्नी मॉरिसन आणि ॲलन हॉस्किन्स ही कृष्णवर्णीय मुले या टोळीत इतरांच्या बरोबरीने खेळत, भांडत आणि सूत्रे हलवत. मात्र त्याच चित्रांत त्यांच्या वर्णावरून, कपड्यांवरून आणि बोलीवरून केलेले विनोदही आहेत. ‘फरीना’ या भूमिकेत हॉस्किन्सच्या केसांच्या ताठ शेंड्या बांधून तो मुलगा की मुलगी हे संदिग्ध ठेवले जाई. ती बरोबरी खरी होती म्हणून हे विनोद क्षम्य ठरत नाहीत, आणि हे विनोद होते म्हणून ती बरोबरी खोटीही ठरत नाही. आजच्या प्रेक्षकाने दोन्ही गोष्टी एकत्रच पाहिल्या पाहिजेत.

या व्यवस्थेला दोन अडचणी टाळता येण्यासारख्या नव्हत्या. पहिली मुलांची वाढ. मॉरिसन १९२४ मध्ये आणि डॅनियल्स १९२६ मध्ये टोळीतून बाहेर पडला, त्यांच्या जागी नवी मुले आली, आणि मोठे होणे हेच या नोकरीतून निवृत्तीचे कारण ठरत गेले. दुसरी अडचण ध्वनीची. १९२९ मध्ये ‘स्मॉल टॉक’ या लघुपटापासून टोळी बोलू लागली, आणि मालिका एकूण २२० लघुपटांपर्यंत, १९४४ सालापर्यंत चालली. परंतु ध्वनिग्राहक चालू असताना दिग्दर्शकाला आता तोंड उघडता येत नव्हते, आणि आजवर क्षणोक्षणी सूचना ऐकून वागणाऱ्या मुलांना आपली वाक्ये आधीच पाठ करून यावे लागे. बोलपटातील टोळीलाही पुढे अमाप प्रेम मिळाले. तरी मूकपटाच्या काळात मुलाच्या प्रत्येक हालचालीला जो आवाज सोबत करीत होता, तो मुलांना बोलता यावे म्हणून गप्प झाला. ‘अवर गँग’चे मूकपट पाहताना म्हणूनच पडद्यावरच्या मुलाच्या नजरेकडे लक्ष द्यावे, कारण त्या मुलाने ऐकलेला शब्द फिल्मवर उतरला नसला, तरी तो ऐकल्याची खूण त्याच्या चेहऱ्यावर उतरली आहे.