पापड दीडपट, पीठ सव्वादोनपट

पुसेगावहून बोलतेय. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटाने उडदाचे पापड दोन मापांत केले. लहान १४ सेंटिमीटर रुंद, मोठा २१. रुंदी दीडपट, म्हणून भावही दीडपट लावला. लहान ४ रुपये, मोठा ६. हिशेबाला बसलो, तर मोठ्या पापडात पिठाचेही पैसे सुटेनात.

चुकलं कुठं? पापडाच्या मधोमध पट्टी धरून जी रुंदी मिळते, तो व्यास. त्याचा निम्मा म्हणजे त्रिज्या. कडेची लांबी, म्हणजे परीघ, काढायला व्यासाला २२ ने गुणा, ७ ने भागा. लहान पापडाचा परीघ ४४ सेंटिमीटर, मोठ्याचा ६६. इथं दीडपट बरोबर आहे.

पण पीठ नुसतं कडेला लागत नाही, सगळ्या पापडाला लागतं. त्यासाठी क्षेत्रफळ. त्रिज्येला त्रिज्येनंच गुणा, मग २२ ने गुणून ७ ने भागा. लहान पापडाची त्रिज्या ७. साता साता एकोणपन्नास, म्हणून क्षेत्रफळ १५४ चौरस सेंटिमीटर. मोठ्याची त्रिज्या साडेदहा, क्षेत्रफळ ३४६.५. म्हणजे सव्वादोनपट! जाडी तीच असेल, तर पीठही तेवढंच वाढतं. भाव ९ रुपये हवा होता.

हा २२ आणि ७ चा हिशेब भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त व्यवहारासाठी सांगितला आहे.

तेव्हा लक्षात ठेवा : गोल रुमालाला लेस लावायची तर परीघ, पापडाचं पीठ काढायचं तर क्षेत्रफळ. भाव ठरवायच्या आधी पट्टी हातात घ्या.