यकृत बिघडलं की मेंदू का पेंगतो?

सिरोसिसचा रुग्ण कधी कधी रात्रभर टक्क जागा असतो आणि दिवसा पेंगतो. सुटे पैसे मोजताना चुकतो, विनाकारण खेकसतो. घरात याची दोन निदानं ठरलेली असतात: पुन्हा प्यायला लागला, नाहीतर वय झालं. दोन्ही चुकीची असू शकतात. हेपॅटायटिस बी, सी किंवा फॅटी लिव्हरमुळे सिरोसिस झालेल्या, दारूला कधी स्पर्शही न केलेल्या माणसाचंही असंच होतं. डॉक्टर याला हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. या आजाराबद्दलच्या बहुतेक गैरसमजांचं मूळ एकच आहे: बिघाड डोक्यात दिसतो, म्हणून तो तिथेच सुरू झाला असं धरून चालणं.

सुरुवात होते आतड्यात. तिथे प्रथिनं आणि युरियाच्या विघटनातून अमोनिया तयार होतो. निरोगी यकृत तो रक्तातून उचलून त्याचा युरिया करतं आणि मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. सिरोसिसमध्ये यकृताची ताकद तर घटतेच, शिवाय त्यातल्या व्रणांमुळे वाट तुंबते आणि आतड्याकडून आलेलं रक्त यकृताला वळसा घालून थेट शरीरभर फिरतं. हा अमोनिया मेंदूतल्या चेतापेशी मारून टाकतो, असं समजलं जातं. पण पहिला मार बसतो तो त्या चेतापेशींची उस्तवार करणाऱ्या तारकापेशींना. अमोनिया आणि ग्लुटामेट जोडून ग्लुटामिन बनवणारं विकर मेंदूत जवळजवळ त्यांच्यापाशीच असतं. ग्लुटामिन साठलं की पाठोपाठ पाणी आत येतं, पेशी फुगतात आणि चेतापेशींमधल्या रासायनिक संदेशांची ने-आण बिघडते. अंगात जंतुसंसर्ग असेल तर ही धुंदी आणखी वाढते. चेतापेशी बहुतांशी जिवंत असतात, म्हणून तर बेशुद्ध पडलेला रुग्णही उपचारानंतर अनेकदा काही दिवसांत नीट बोलू लागतो. मग सगळं पूर्ण भरून येतं का? नेहमीच नाही. अशा गुंगीचे झटके वारंवार येऊन गेलेल्या काहींची एकाग्रता यकृत प्रत्यारोपणानंतरही पूर्ववत होत नाही. 'उतरेल आपोआप' म्हणून वाट पाहणं म्हणूनच महागात पडतं.

सगळ्यात चिवट गैरसमज पथ्याचा: डाळ, दूध, अंडी बंद, पेज आणि साबुदाणा सुरू. हा समज निव्वळ अडाणीपणातून आलेला नाही, त्याला प्रयोगशाळेचा वारसा आहे. 1893 साली पावलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांमध्ये आतड्याकडून येणारं रक्त यकृताला टाळून पुढे वळवलं, तेव्हा मांस खाल्लेली कुत्री बधिर झाली, काहींना आकडी आली. त्यावरून प्रथिनं तोडण्याचा सल्ला अनेक दशकं दिला गेला, आणि तो तर्काला धरूनच होता. त्यात निसटले ते स्नायू. यकृत थकलं की अमोनिया जिरवण्याचा मोठा भार स्नायूंवर येतो, आणि प्रथिनं तोडली की झिजतात तेही स्नायूच. 2004 साली बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी झटका आलेल्या रुग्णांचे दोन गट करून पाहिले: कमी प्रथिनांमुळे झटका लवकर ओसरला नाही, उलट शरीरातल्या प्रथिनांची मोड वाढली. आज सल्ला आहे तो वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनांचा, आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडं खाण्याचा. मांसापेक्षा डाळी आणि दूध-दही अनेकांना जास्त सोसतात. आपल्या ताटाला ही काही अवघड अट नाही.

औषधंही मेंदूची नाहीत. लॅक्ट्युलोज दिवसाला दोन-तीन वेळा शौचाला नेतं आणि आतड्यातला अमोनिया बाहेर काढतं. 'पोट साफ आहे, मग हे रेचक कशाला' म्हणून घरचे ते परस्पर बंद करतात आणि पुढच्या झटक्याला वाट मोकळी करून देतात. रिफॅक्झिमिन हे प्रतिजैविक आतड्यातल्या जंतूंवर काम करतं. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांत नवा झटका आला तो ते घेणाऱ्यांपैकी सुमारे 22 टक्क्यांना, न घेणाऱ्यांपैकी 46 टक्क्यांना. दोन्ही गटांतले बहुतेक जण लॅक्ट्युलोज घेतच होते. रक्तातल्या अमोनियाच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नये. तो जास्त असूनही माणूस शुद्धीत असू शकतो. तो अगदी सामान्य आला, तर डॉक्टरांनी गुंगीचं दुसरं कारण शोधायला हवं.

झटका ओढवून आणणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा साध्या असतात: बद्धकोष्ठ, जुलाबानंतर आटलेलं पाणी, जलोदरासाठी घेतलेल्या लघवीच्या गोळ्यांचा अतिरेक, पोटातला रक्तस्राव. आणि रात्री झोप येत नाही म्हणून शेजारच्या दुकानातून आणलेली झोपेची गोळी.