सीताफळाच्या गुणसूत्रांपासून कुष्ठरोगाच्या लशीपर्यंत

हुबळीत विद्यानगरच्या रस्त्यांवर दिवाळीच्या आधी सीताफळांच्या पाट्या लागल्या की मला कर्करोग संशोधक कमल रणदिवे आठवतात. सीताफळ, रामफळ, हिरवा चाफा ज्या अनोनेसी कुळात येतात, त्या कुळाच्या गुणसूत्रांवर अभ्यास करून त्यांनी १९४३ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. केलं. पेशीच्या आत डोकावण्याची ती सुरुवात.

८ नोव्हेंबर १९१७ चा त्यांचा जन्म पुण्याचा, माहेरचं नाव समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, ही त्यांची इच्छा. कमलताईंनी दोन्ही केलं नाही. जीवशास्त्र निवडलं आणि गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी संसार थाटला. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात त्यांना वसंत रामजी खानोलकर गुरू म्हणून लाभले, आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली.

पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतल्या ‘हेला’ पेशी जिथे अखंड वाढू लागल्या, तीच ही प्रयोगशाळा. शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी जगवण्याला ऊतिसंवर्धन म्हणतात. ३७ अंशांची ऊब, रक्तद्रवाचं पोषण, वेळेवर बदललेलं द्रावण, आणि निर्जंतुकपणाबाबत टोकाचा काटेकोरपणा. घरचं विरजण बिघडलं तर उद्या पुन्हा लावता येतं. इथे बुरशीचा एक कण महिन्यांची मेहनत नासवतो. कमलताईंनी हे तंत्र मायदेशी आणलं आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातली ती पहिली मानली जाते.

त्यांचा मुख्य विषय स्तनांचा कर्करोग. उंदरांमध्ये हा रोग आईच्या दुधातून पिल्लाकडे जाऊ शकतो, हे जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवलं होतं. दुधातून रोग नेणारा घटक म्हणजे विषाणू, हे नंतर कळलं. कमलताई आणि त्यांचे सहकारी आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांच्या परस्परसंबंधाचा शोध उंदरांमध्ये घेत राहिले.

माझ्या मते मात्र त्यांच्या कामाचं सगळ्यात विलक्षण प्रकरण कुष्ठरोगाचं आहे. हॅन्सेन यांनी १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू शोधला, पण तो कृत्रिम माध्यमात वाढवणं कुणालाच जमत नव्हतं. हा जंतू मज्जातंतूंमध्ये ठाण मांडतो. मग त्याला मज्जातंतूच्याच पेशी दिल्या तर? १९५८ मध्ये कमलताई, त्यांचे सहकारी बापट आणि गुरू खानोलकर यांनी मानवी गर्भाच्या पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या पेशी वाढवल्या आणि त्यांत कुष्ठरुग्णाच्या गाठीतले जंतू सोडले. जंतू वाढले. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना आयसीआरसी जंतू हे नाव पडलं.

हा खरा कुष्ठरोगाचा जंतू नसून त्याचा दूरचा भाऊबंद आहे, हे पुढे स्पष्ट झालं. एवढ्यावर कुणी फाईल बंद केली असती. तसं झालं नाही. त्याच जंतूपासून डॉ. माधव देव यांनी १९७९ मध्ये लस तयार केली. दक्षिण भारतात चार लशींची मोठी तुलनात्मक चाचणी झाली. १९९८ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत आयसीआरसी लशीने कुष्ठरोगापासून ६५.५ टक्के संरक्षण दिलं होतं, तर बीसीजीने ३४.१ टक्के. चुकीच्या ओळखीचा जंतू शेवटी कामी आला. अंदाजाने सुरू झालेल्या प्रयोगाला शेवटपर्यंत जपणारी परंपरा त्या प्रयोगशाळेत होती, म्हणूनच हे घडलं.

१९६६ ते १९७० त्या केंद्राच्या संचालक होत्या, आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. परदेशी शिकायला गेलेल्या तरुण शास्त्रज्ञांना त्या परत बोलावत. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्या अग्रभागी होत्या. वाशीतल्या या संघटनेने नोकरदार मुलींसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालवलं. प्रयोगशाळेतलं काम संध्याकाळी सहाला संपत नाही, आणि घरी मूल वाट पाहत असतं, हे जाणणाऱ्या बायकांनी उभं केलेलं ते पाळणाघर होतं. पुढे अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करायला त्या डोंगरपट्ट्यात जात राहिल्या.