विम्यातली लबाडी आणि वकिलाचे काम

विमा म्हणजे काय? पुष्कळ लोकांनी थोडे थोडे पैसे एका ठिकाणी भरायचे. ज्याच्या घरावर संकट येईल, त्याला त्यातून मदत द्यायची. ह्या भरण्याला हप्ता म्हणतात. आपल्यासारख्याच हजारो माणसांच्या हप्त्यांतून हा पैसा उभा राहतो. कुणी खोटे सांगून तो उचलला, तर नुकसान सगळ्यांचेच होते.

अशी लबाडी शोधणारे वकील असतात. त्यांतले काहीजण आधी सरकारी वकील असतात. चोरी, खून अशा फौजदारी खटल्यांत सरकारी वकील सरकारच्या बाजूने उभा राहतो. आरोपीला कसेही करून शिक्षा व्हावी, हे त्याचे काम नव्हे. खरे काय घडले, ते पुराव्यासह न्यायाधीशापुढे मांडणे हे त्याचे काम. त्यातून त्याला तीन सवयी लागतात. कागद नीट वाचायचा. तारखा जुळवून बघायच्या. साक्षीदाराला खोदून खोदून विचारायचे. पुढे तो विम्याचे खटले चालवू लागला, की ह्याच सवयी कामी येतात.

लबाडी कशी होते? कुणी जुना आजार लपवतो. कुणी वय चोरतो. कुणी जिवंत माणसाच्या मृत्यूचा खोटा दाखला आणतो. वकील मग विम्याचा अर्ज, दवाखान्याचे कागद आणि मृत्यूची नोंद शेजारी शेजारी ठेवतो. तारखा जुळल्या नाहीत, की खोटे उघडे पडते. अशी फसवणूक हा गुन्हाही आहे. त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

एक खरा खटला सांगतो. जबलपूरकडच्या एका गृहस्थाने 1945 साली 25,000 रुपयांचा विमा उतरवला. अर्जात आजाराबद्दल प्रश्न होते. त्याने त्याआधी डॉक्टरचे औषध घेतले होते. पायांना सूज होती, चालताना धाप लागत होती. पण हे त्याने सांगितले नाही. 1946 साली तो वारला. विम्याच्या रकमेचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1962 साली निकाल लागला. रक्कम तर नाहीच, पण भरलेले हप्तेही परत मिळाले नाहीत.

त्या निकालात न्यायालयाने तीन गोष्टी तपासल्या. लपवलेली गोष्ट महत्त्वाची होती काय? ती फसवण्याच्या हेतूने लपवली काय? आपण खोटे सांगतो आहोत, हे त्या माणसाला ठाऊक होते काय? तिन्हींचे उत्तर 'होय' आले. म्हणजे नुसती चूक वेगळी आणि लबाडी वेगळी.

आयुष्याच्या विम्याचा हा कायदा 2015 साली बदलला. आता तीन वर्षे झाली, की कंपनीला पॉलिसीवर हरकत घेता येत नाही. ही तीन वर्षे कधीपासून मोजायची? पॉलिसी दिली तेव्हापासून. पण बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली असेल, तर चालू केल्यापासून. म्हणून हप्ता चुकवू नये.

तीन वर्षांच्या आत माणूस गेला तर? कंपनी म्हणू शकते, 'यानं आजार लपवला होता.' तसे म्हणायचे, तर कारण लेखी द्यावे लागते. पण मग लबाडी नव्हती, हे दाखवण्याचे ओझे घरच्या माणसांवर येते. इथेच गरीब माणूस अडकतो.

कसा, ते बघा. एजंट घरी येतो. म्हणतो, "दादा, इथं सही करा. बाकीचं मी भरतो." दादा तोंडी सांगतात, "मला दम्याचा त्रास आहे." एजंट लिहितो, 'काही आजार नाही.' वर्षभराने दादा वारतात. दादांनी खरे सांगितले होते, हे वहिनी कशाने दाखवणार? कागदावर तर दादांची सही आहे.

कायदा मात्र वहिनींच्या मदतीला येतो. पॉलिसी ठरवताना एजंट हा कंपनीचाच माणूस धरला जातो. वहिनींनी वकील दिला, तर तो विचारील : हे अक्षर कुणाचे? प्रश्न कुणी वाचून दाखवले? त्या वेळी घरात कोण होते? ज्या सवयींनी लबाड पकडला जातो, त्याच सवयींनी निर्दोष माणूस वाचतो.

शिवाय विमा लोकपाल आहेत. त्यांची कचेरी मुंबईत आहे, पुण्यातही आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. नकार आला, किंवा महिनाभरात उत्तर आले नाही, तर वर्षाच्या आत लोकपालांकडे जावे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

तेव्हा एवढे लक्षात ठेवू या :

कोऱ्या अर्जावर सही किंवा अंगठा करू नये.
आजार, वय, औषध सगळे खरे सांगावे आणि तसेच लिहून घ्यावे.
अर्जाची नक्कल आणि हप्त्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात.
पॉलिसी कुठे ठेवली आहे, हे घरात सांगून ठेवावे.

आपण आता अक्षर ओळखतो. मग सही करण्याआधी कागद वाचू या. एखादा शब्द अडला, तर विचारायला लाजायचे नाही. आज वाचलेली एक ओळ उद्या आपल्या लेकरांचा घास वाचवील.